पावसाळा काढील अशी खरेदी: नव्या उंची दुकानात जाण्याआधी आणि गेल्यावर

मांडव्याच्या जेटीवरून अलिबागकडे येताना झिराड, चोंढी, किहीमच्या पट्ट्यात अलीकडे घरसामान आणि कपड्यांची देखणी दुकानं दिसू लागली आहेत. मुंबईकरांचे बंगले आले, त्यांच्या मागोमाग पडदे, ताटं, दिवे आणि लिननचे सदरे आले. कुठे जुन्या कौलारू घराची पडवी मोकळी करून मांडणी केलेली असते, कुठे वाडीत काचेचं नवं बांधकाम. आत मंद दिवे, गवती चहासारखा काहीतरी वास, आणि किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवलेली.

अशी दुकानं फक्त बंगलेवाल्यांसाठी असतात असं समजून पुढे निघून जायचं कारण नाही. वास्तुशांत असते, भाचीचं रुखवत असतं, गणपतीला पंधरा माणसं येणार असतात. जायचंच तर थोडी तयारी करून जावं, कारण तिथे एका चुकीच्या वस्तूची किंमत बाजारातल्या चार बरोबर वस्तूंइतकी असते. मी तिथल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: आपल्या घरात ही एक पावसाळा काढील का? अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजारांच्या आसपास. शिवाय बारा महिने खारा वारा. दिल्ली-जयपूरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू इथे पहिल्या श्रावणातच रंग बदलते. बंगल्यात निदान एसी असतो. आपल्याकडे खिडकी असते.

निघण्याआधी

दुकान उघडल्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी जाऊ नका. गर्दी असते, नोकरमंडळी नवी असतात, अर्धा माल अजून खोक्यात असतो आणि कपडे घालून बघायच्या खोलीबाहेर रांग लागते. उद्घाटनाच्या सवलतीची पाटी पाहून जीव ओढला गेला तर आधी फोन करून ती नेमक्या कोणत्या मालावर आहे ते विचारा. मंगळवार ते गुरुवार उत्तम. वेळ दिवसाउजेडीची ठेवा. पिवळ्या दिव्याखाली राखाडी पडदा बदामी दिसतो आणि घरी आणल्यावर त्याचा खरा रंग कळतो. रंग ठरवायचा असला की कापड दारापाशी उजेडात नेऊन पाहायचं. कुठलंही बरं दुकान त्याला नाही म्हणत नाही.

मुंबईहून येणाऱ्यांना गेटवे ते मांडवा ही लाँच सोयीची आहे, पण ती पावसाळ्यात बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट गाडीसकट आणते. काच, चिनीमाती किंवा खुर्चीसारखं काही घ्यायचं डोक्यात असेल तर रो-रोच बरी. रस्त्याने पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असं यायचं झालं तर शनिवारी वडखळच्या आसपास किती वेळ जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. अलिबागकरांनी रेवसची एसटी किंवा मिनीडोअर, म्हणजे तीनचाकी शेअर रिक्षा, पकडून चोंढीला उतरावं. रिकाम्या हाताने परत यायला हे फार चांगलं वाहन आहे, कारण मिनीडोअरमध्ये मोठं खोकं मांडीवर घेऊन बसायची कोणाची तयारी नसते.

मापं मात्र घरूनच न्या, आणि कागदावर लिहून न्या. खिडकीची रुंदी आणि दांडीपासून जमिनीपर्यंतची उंची. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी. जाडी सगळे विसरतात, मग इलॅस्टिकची चादर रात्री कोपऱ्यातून निसटते. जेवणाच्या टेबलाचं माप, आणि कपाटाच्या फळीची खोली, कारण हल्लीची ताटं अकरा-अकरा इंची असतात आणि जुन्या कपाटाचं दार लागत नाही. कपडे घ्यायचे असतील तर अंगाला सर्वांत छान बसणारा कुडता पलंगावर पसरा आणि खांदा, छाती, लांबी, बाही टेपने मोजा. मीडियम-लार्ज हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, टेप सगळीकडे सारखी.

रक्कमही आधीच ठरवा. त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

दारातून आत

ओली छत्री बाहेर, पाठीवरची पिशवी पुढे किंवा काउंटरवर. फळीवरचे निम्मे अपघात पाठपिशव्यांमुळे होत असावेत, असं मला तिथल्या वाटा पाहून वाटतं. लहान मूल बरोबर असेल तर हात धरा. 'फुटल्यास पैसे भरावे लागतील' अशी पाटी दिसली तर मुलाला अंगणात खेळवायला घरातलं एक माणूस बाहेर ठेवलेलं स्वस्त पडतं. दारात सगळ्यांच्या चपला काढलेल्या दिसल्या तर आपणही काढाव्या. फोटो काढण्याआधी विचारावं.

पहिली फेरी हात मागे बांधून मारायची. काही उचलायचं नाही, किंमत बघायची नाही. नजर कुठे थांबते तेवढं लक्षात ठेवायचं. दुसऱ्या फेरीत किमती, आणि तिसऱ्या फेरीत हात लावून तपासणी. सगळं एकाच फेरीत केलं की दाराजवळची वस्तू घेतली जाते, आणि दाराजवळ काय ठेवायचं हे दुकानदाराने फार विचार करून ठरवलेलं असतं.

मदतीला येणारी मुलगी कदाचित इंग्रजीत सुरुवात करील. तिला तसं शिकवलेलं असतं. आपण मराठीत उत्तर द्यावं. बहुतेक वेळा ती थळची, नागावची नाहीतर सासवण्याची निघते आणि दोन मिनिटांत 'मॅडम'ची 'काकू' होते. मग खरी माहिती मिळते.

"बाळा, ही ताटं कुठे बनतात गं?"

"खुर्जाची आहेत काकू, यूपीची. पण ती निळी घेऊ नका, मागच्या लॉटमध्ये काठ उडालेले आले होते."

मालकाने हे सांगितलं नसतं. प्रत्येक वस्तूबद्दल चार गोष्टी विचारायच्या: कुठे बनली, कशाची आहे, धुवायची-पुसायची कशी, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार. चारांपैकी दोन उत्तरं मिळाली नाहीत तर वस्तू खाली ठेवावी. आणि न घेता बाहेर पडायला लाजू नये. 'पुन्हा येईन' म्हणावं, हसावं, निघावं. त्या मुलीच्या दिवसात असे खूप जण येऊन जातात.

ताटं, वाट्या, मग

इथे वेळ घालवा, कारण रोज हाताळायची वस्तू आहे. ताट सपाट टेबलावर ठेवून काठाला बोटाने दाबा, डुगडुगलं तर नको. बोटाच्या पेराने टिचकी मारा. पक्क्या भाजलेल्या भांड्याचा आवाज खणखणीत येतो, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे किंवा भांडं कच्चं भाजलेलं आहे. भांडं तिरपं धरून उजेडात आतली चकाकी पाहा. केसासारख्या बारीक रेषांचं जाळं दिसलं तर ते कितीही कलात्मक वाटलं तरी जेवणाला घेऊ नका. हळद, तिखट आणि कोकमाचं पाणी त्या रेषांत शिरतं आणि महिन्याभरात पांढरं ताट पिवळसर नकाशासारखं दिसतं.

आतून भडक लाल, पिवळा, नारिंगी रंग असलेल्या हस्तनिर्मित भांड्याबद्दल एक प्रश्न हमखास विचारा: झिलईत शिसं आहे का, आणि खाण्यासाठी सुरक्षित असं कुठे छापलंय का? आंबट पदार्थ निकृष्ट झिलईतून शिसं ओढून घेतात. आपल्या जेवणात सोलकढी आहे, चिंचेचं कालवण आहे, लोणचं आहे. उत्तर चाचरत आलं तर त्या वाडग्यात किल्ल्या ठेवायच्या, भात नाही. सोनेरी काठाची भांडी मायक्रोवेव्हमध्ये चालत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

तळाची बिनझिलईची कड पाहा. टेराकोटाचं भांडं पाणी पितं. उन्हाळ्यात ते छान, पण जुलैत ते दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कडेला काळी बुरशी धरते. स्टोनवेअर १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं असतं, ते फारसं पाणी शोषत नाही. रोजच्या वापराला तेच बरं. फक्त वजन पाहा. सहा ताटं एकावर एक उचलून पाहायची, आणि घरात भांडी घासणारं माणूस कोण आहे ते आठवायचं.

आणखी एक. उंची दुकानातली बरीचशी ताटं जवळजवळ सपाट असतात. फोटोत सुंदर दिसतात. आपल्या भातावर कालवण ओतलं की ते टेबलक्लॉथवर येतं. निदान बोटभर उभा काठ असलेलं ताट घ्या. संच घेताना 'एक फुटलं तर पुढच्या वर्षी एकच मिळेल का' हे विचारून ठेवा. सुटी मिळणारी ताटं संचापेक्षा थोडी महाग असली तरी परवडतात.

धातू आणि लाकूड

पितळेचा दिवा दुकानात सोन्यासारखा चमकतो, कारण बहुतेकदा त्यावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. खाऱ्या हवेत हा थर कुठेतरी सुटतो आणि तेवढ्याच जागी काळे ठिपके येतात. मग चिंच-मिठाने घासलं तर थर आणखी उखडतो आणि दिवा बिबट्यासारखा दिसतो. म्हणून विचारा: लॅकर आहे की साधं पॉलिश? साधं असेल तर उत्तम. आमसूल, चिंच किंवा राख लावून दर महिन्याला उजळवता येतं, आपल्या समया तशाच टिकल्या आहेत. स्वयंपाकाच्या पितळ-तांब्याला आतून कल्हई हवीच. नव्या भांड्यावर ती बहुधा असते. पुढची कल्हई करून देणारा तुमच्या गावात अजून येतो का, ते मात्र तुम्हालाच ठाऊक.

लोखंडी खुर्च्या, रॅक, फुलदाणीचे स्टँड उलटे करून पाहा. पावडर कोटिंग वरून गुळगुळीत असतं, पण वेल्डिंगच्या सांध्यात आणि पायांच्या तळाशी ते पोचलेलं नसेल तर गंज तिथूनच सुरू होतो. पायांना रबरी बूच नसेल तर बसवून मागा. स्टीलचं काही घेताना ग्रेड विचारा. ३०४ चांगलं, अगदी समुद्राला लागून घर असेल तर ३१६. उत्तर 'स्टील म्हणजे स्टील' असं आलं तर समजून घ्या.

लाकडाचं थोडं सविस्तर. या दुकानांत आंब्याच्या लाकडाची चलती आहे. धारा सुंदर, वजनाला बरं, किंमत सागवानापेक्षा कमी. पण आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. वस्तूखाली पांढरा कागद ठेवून हलकेच ठोका. बारीक भुसा पडला किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर कितीही सवलत असली तरी नाही. लाकूड सुकवून, कीडनाशक प्रक्रिया करून घेतलंय का, आणि हमी बिलावर लिहून देता का, हे विचारा. पुढची परीक्षा: खण पूर्ण ओढून पुन्हा आत ढकला. मे महिन्यात अगदी चपखल बसणारा खण जुलैत फुगून अडकतो, त्यामुळे बाजूला थोडी फट असलेलाच चांगला. मागची आणि तळाची बाजू पॉलिश केलेली आहे का पाहा. ती कोरी असेल तर दमट हवा तिथून आत शिरते आणि फळी वाकते. सागवान, शिसव, फणस ही लाकडं आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहेत. घराच्या माळ्यावर आजोबांचा फणसाचा पाट पडला असेल तर नवीन घ्यायच्या आधी तो खाली काढून धुऊन पाहा.

वेताच्या खुर्च्यांना पावसाळ्यात बुरशी धरते, पण कोरड्या फडक्याने पुसत राहिलं की निभावतं. ज्यूटच्या सतरंजीचं तसं नाही. ती एकदा ओली झाली की वास जात नाही आणि हळूहळू कुजते. दारात टाकायला काथ्याचं पायपुसणं घ्या. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. चामड्याचे स्टूल आणि पिशव्या मी कोकणात कोणाला सुचवत नाही.

चादरी आणि टॉवेल

विक्रेता थ्रेड काउंटपासून सुरुवात करील: चारशे, सहाशे, हजार. आकडा वाढला की भाव वाढतो. प्रत्यक्षात चांगल्या सुताची दोनशे ते चारशेची चादर आपल्याला पुष्कळ झाली. हजाराच्या आकड्यात पुष्कळदा पीळ घातलेल्या सुताचा एकेक पदर वेगळा मोजलेला असतो. त्यापेक्षा वीण विचारा. पर्केल म्हणजे साधी एक-वर-एक-खाली वीण, हाताला कुरकुरीत आणि थंड. सॅटीन वीण गुळगुळीत, झुळझुळीत, पण अंगाला जास्त उबदार. मे महिन्यात लाइट गेल्यावर फरक कळतो. पर्केल घ्या. बाजारात डबल बेडची चादर ९० बाय १०० किंवा ९० बाय १०८ इंच, आणि किंग १०८ बाय १०८ अशी मिळते. तुमच्या कागदावरच्या मापाशी जुळवा, आणि दोन्ही बाजूंना निदान फूटभर खाली दुमडायला राहील असं बघा.

टॉवेलचा जाडपणा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. सहाशेच्या वरचा टॉवेल हॉटेलसारखा मऊ लागतो, आणि जुलै-ऑगस्टात तो आठवडाभर दोरीवर ओलाच लटकतो. कुबट वास आला की कितीही साबण लावा. तीनशे ते चारशेचा, किंवा चौकड्यांच्या वॅफल विणीचा घ्या. पाहुण्यांसमोर जाड टॉवेल मांडायचाच असेल तर एकच जोडी घ्या आणि ती फक्त डिसेंबरात काढा. घरात पंचे असतील तर पावसाळ्यात तेच खरे.

कपडे

या किनाऱ्याला उंची कापडाचं कौतुक नवीन नाही. अलिबागच्या दक्षिणेला चौल आहे. पोर्तुगीजांच्या काळात तिथलं रेशीम विणकाम नावाजलेलं होतं आणि माल जहाजांनी बाहेर जायचा. आज चौल-रेवदंड्यात नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि चोंढीच्या दुकानातलं कापड बहुधा बंगाल, गुजरात, राजस्थान किंवा दक्षिणेकडून आलेलं असतं.

लिनन जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून बनतं. घाम टिपतं आणि लवकर वाळतं, त्यामुळे आपल्या हवेला ते झकास. चुरगळतं, ते चुरगळणारच. इस्त्री आवडत नसेल तर लिनन-सुती मिश्रण घ्या. व्हिस्कोस, मोडाल ही लाकडाच्या लगद्यापासून केलेली कापडं झुळझुळीत असतात, पण ओले असताना त्यांची ताकद कमी होते, पिळायचे नाहीत. चिठ्ठीवर धाग्यांचं प्रमाण वाचा. 'लिनन ब्लेंड' असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात लिनन पंधरा टक्के, उरलेलं पॉलिएस्टर, असंही असतं. पॉलिएस्टर वाईट नाही, पण त्याला लिननचे पैसे द्यायचे नाहीत.

'हातमाग' म्हटलं तर हँडलूम मार्क शोधा. तो २००६ पासून आहे. रेशमासाठी सिल्क मार्क. खादी म्हणून विकायचं असेल तर खादी आयोगाचं प्रमाणपत्र लागतं. चिन्ह नसलं म्हणजे माल खोटा असं नाही, छोटे विणकर बऱ्याचदा चिन्ह घेत नाहीत. पण मग दुकानाला विणकराचं गाव सांगता आलं पाहिजे.

आता कपडा उलटा करा. खरी तपासणी आतल्या बाजूला होते. शिवण सरळ आणि दाट आहे का, कडा ओव्हरलॉक केल्या आहेत की सुतं लोंबतायत, बाजूच्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच मार्जिन आहे का. आपला अलिबागचा शिंपी मार्जिन असेल तरच सैल करून देईल. चौकड्या किंवा पट्टे बाजूच्या शिवणीवर जुळतात का ते पाहा. एवढ्या किमतीत जुळलेच पाहिजेत. बटणं नारळाच्या कवटीची, लाकडी किंवा शिंपल्याची असली तर खाऱ्या हवेत टिकतात. धातूची प्रेस-बटणं हिरवी पडतात. चेन पाच-सहा वेळा वरखाली करून पाहा.

गडद निळा, विशेषतः नीळ वापरलेला कपडा घेताना विचारून पांढरा रुमाल किंचित ओला करून आतल्या कडेवर घासा. थोडा रंग येणारच. रुमाल निळाशार झाला तर पहिल्या चार धुण्यात तो कपडा एकटाच भिजवावा लागेल, ही तयारी असेल तर घ्या. सुती कपडा आधी धुऊन शिवलाय का, हेही विचारा. नसेल तर तीन ते पाच टक्के आटतो. चाळीस इंची कुडत्याची लांबी इंच-दीड-दोन इंचांनी कमी झालेली दिसेल. घालून पाहाल तेव्हा हात वर करा, खाली बसा, वाका. आरशासमोर ताठ उभं राहिलं की सगळेच कपडे बसतात.

किंमत रास्त आहे का

घासाघीस इथे चालत नाही, आणि करूही नये. पण विचारायला हरकत नसते: मांडणीतला नग कमी किमतीत देता का, किंचित डाग असलेले नग वेगळे ठेवलेत का, सहा घेतले तर काही फरक पडेल का. मालक जागेवर असेल तर उत्तर मिळतं.

मग एक कोपरा असतो, 'स्थानिक कारागिरी' असं लिहिलेला. तिथे बांबूची रोवळी फळांची परडी होऊन बसलेली दिसेल. आपल्याकडे तांदूळ धुवायची वस्तू, बाजारात बुरुडाकडे सहज मिळणारी, आणि इथे तिची किंमत कित्येक पट. राग येतो खरा. कधी कधी मात्र विणकाम खरोखरच सफाईदार असतं, कडा तासलेल्या, बांबू प्रक्रिया केलेला. त्याचे जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही, त्यातले कारागिराला किती मिळाले ते विचारावं मात्र. नाव सांगणारं दुकान बरं, 'इथल्या आदिवासी बायका' एवढ्यावर थांबणारं नाही.

सावंतवाडीचं लाखकाम घेताना पाहा, की रंग खरंच लाखेचा आहे का. लाखकामात लाकूड यंत्रावर फिरत असताना लाखेची कांडी धरतात आणि घर्षणाच्या उष्णतेने ती चढते. त्याची चकाकी लाकडात मुरल्यासारखी दिसते. साध्या ऑइलपेंटची चकाकी वर बसलेली कळते. गंजिफा म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते; त्यांचा दशावतारी संच दहा रंगांचा, प्रत्येकी बारा, असा १२० पानांचा असतो; 'पूर्ण संच' म्हणून कमी पानं मिळत असतील तर मोजून घ्या. हाताने रंगवलेला हवा असेल आणि दक्षिणेकडे जाणं होणार असेल, तर सावंतवाडीच्या राजवाड्यातून घ्या, आणि लाकडी फळं-खेळणी चितारअळीतून. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीतल्या चित्रांची आणि पालघरकडच्या वारलीची छापील उशीकव्हरं सगळीकडे झाली आहेत. छापील आहे की हाताने काढलेलं, हे उलट बाजू पाहून कळतं. छापील असेल तर छापिलाचेच पैसे.

बिल

चिठ्ठीवर एमआरपी असेल तर त्यात सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी लावता येत नाही. हस्तकलेच्या सुट्या वस्तूंवर नुसती किंमत लिहिलेली असते, तिथे 'करासहित ना?' हे काउंटरवर जाण्याआधी विचारा. कपड्यांचं गणित वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका नगाची विक्रीकिंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे करापूर्वी २,४०० चा कुडता २,५२० ला पडतो आणि २,६०० चा थेट ३,०६८ ला. सीमारेषेच्या जरासा वरचा कपडा आवडला असेल तर सवलतीने तो खाली येतो का, ते विचारायला विसरू नका.

पक्कं बिल घ्याच. त्यावर वस्तूचं नाव नीट लिहून घ्या, 'होम डेकोर १ नग' असं नको. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी या दुकानांतही असते, फक्त सुबक अक्षरांत. आवडलं नाही म्हणून परत घेणं दुकानाच्या मर्जीवर आहे. पण माल सदोष निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. समजूत पटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. रुखवतासाठी किंवा आहेरासाठी घेत असाल तर बदलून देण्याची मुदत लग्नाच्या तारखेनंतरची लिहून मागा. बहुतेक देतात.

घरी नेताना आणि पहिल्या आठवड्यात

ताटं आडवी एकावर एक ठेवू नका. प्रत्येक ताट कागदात गुंडाळून खोक्यात उभं, कडेवर ठेवा; धक्का बसला तर उभं ताट जास्त सोसतं. गाडीत खोकं डिकीपेक्षा पुढच्या सीटमागे पायाशी ठेवा. लाँचने जात असाल तर मांडीवर, आणि वर प्लास्टिक. मोठ्या वस्तूची घरपोच सेवा घेताना 'पेणपर्यंत' म्हणजे पेणच्या नाक्यापर्यंत की घराच्या पायरीपर्यंत, आणि वाटेत फुटलं तर कोणाचं, हे दोन्ही बिलाच्या मागे लिहून घ्या. वडखळच्या रस्त्याला पावसाळ्यात काय अवस्था असते ते सांगायला नको.

घरी आल्यावर सगळी खोकी त्याच दिवशी उघडा. वाट्या आणि चहाचे मग यांत पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी खाली ओल उमटली तर भांडं गळतंय. एक चादर आणि एक कपडा लगेच धुऊन सावलीत वाळवा, आधी आणि नंतर टेपने मोजा. लाकडी वस्तू भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि दोन दिवसांनी खालची फरशी पाहा, भुसा आहे का. दोष दिसला तर पुसण्या-धुण्याआधी त्याचा फोटो काढा, बिलाबरोबर दुकानाला पाठवा आणि उत्तर लेखी मागा. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, खोकं उघडल्यापासून नाही. तेव्हा गणपतीला काढू म्हणून मे महिन्यात घेतलेली ताटं माळ्यावर तशीच टाकून ठेवू नका.